यादीतली पहिली रेकॉर्ड

हे मी कधी सांगितलेलं नाही. आमच्या मराठी मंडळात नाही, दुकानात नाही, सख्ख्या भावालाही नाही. बायकोला — तिलाही मी होऊन सांगितलं नाही. तिला कळलं ते वेगळं. मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेसाठी संपादकांनी पुन्हा तीच मागणी केली : "काका, दहा रेकॉर्डींची नवी यादी द्या, लोक विचारून राहिले." मी हो म्हटलं, कागद घेतले, आणि यादीऐवजी हे लिहायला बसलो. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. तुम्ही वाचत असाल तर छापलं, असं समजा.

रायपूरच्या तात्यापाऱ्यात मला 'रेकॉर्डवाले काका' म्हणतात. पंडरीच्या कापडबाजारात माझं पडद्यांच्या आणि सोफ्याच्या कापडाचं दुकान आहे, पण माझी ओळख त्या दुकानाची नाही. माझी ओळख म्हणजे आमच्या बैठकीतलं काचेचं कपाट. त्यात सिनेमाच्या गाण्यांच्या दीडशेच्या वर एलपी उभ्या लावलेल्या आहेत. पाहुणा आला की आधी तिथेच जातो. मान वाकडी करून नावं वाचतो. मग माझ्याकडे बघतो — आणि त्या बघण्यासाठी, खरं सांगू? त्या बघण्यासाठी मी तीस-पस्तीस वर्षं जगलो.

पहिली गोष्ट सांगून टाकतो, ती त्यातल्या त्यात सोपी आहे. ती कव्हरं रिकामी आहेत.

एकवीस वर्षांचा असताना मी पंडरीतच एका कापड-दुकानात नोकरीला होतो. शेजारी रेकॉर्डी आणि कॅसेटींचं दुकान होतं. त्याचा मालक मे महिन्यात लग्नासाठी गावी गेला आणि रेकॉर्डींचा सगळा साठा मागच्या खोलीत, टिनाच्या छपराखाली ठेवून गेला. रायपूरचा मे तुम्हाला माहीत आहे. पंधरा दिवसांनी तो परत आला तेव्हा सगळ्या तबकड्या भाजलेल्या पापडासारख्या वळल्या होत्या. सुई ठेवायची सोय उरली नव्हती. तसंही कॅसेटींचे दिवस आले होते. तो म्हणाला, "फेंक दो सब." मी म्हटलं, भैया, कव्हर मी नेऊ का? फोटो छान होते म्हणून. दुसरं काही मनात नव्हतं — तेव्हा खरंच नव्हतं.

कव्हरं उभी राहावीत म्हणून त्यांत साडीच्या खोक्यातले पुठ्ठे कापून घातले. मग एक दिवस एक मित्र घरी आला, बघतच राहिला. "एवढ्या रेकॉर्डी! कुठून जमवल्या बे?" बस, त्या वेळी 'रिकामी आहेत' एवढे दोन शब्द बोलायचे होते. मी बोललो नाही. हसलो फक्त. पहिलं खोटं हे असं होतं — तोंड न उघडता बोललेलं.

पुढचं आपोआप होत गेलं. जुन्या बाजारातून बंद पडलेला एक रेकॉर्ड प्लेयर आणला आणि कपाटावर ठेवला. कोणी म्हणालं, लावा ना एखादी, तर "सुई तुटली आहे, मागवली आहे." कोणी उसनी मागितली तर "माझी रेकॉर्ड घराबाहेर जात नाही." लोकांना हे फार आवडायचं! याला म्हणतात शौकीन, म्हणायचे. आणि माहिती तर माझ्याकडे होतीच. कव्हरांच्या मागची बारीक अक्षरं मी रोज वाचायचो — संगीत कोणाचं, ध्वनिमुद्रण कोणाचं, कुठल्या बाजूला कुठलं गाणं. गाणी रेडिओवर ऐकलेली असायची, जी ऐकलेली नसत त्यांच्याबद्दल जास्तच जोरात बोलायचो. पार्श्वसंगीताचे तुकडे घातलेली एलपी आणि नुसती हिट गाणी कोंबलेली एलपी यातला फरक मी मंडळात तासभर समजावून सांगितला आहे. ऐकलेलं काहीच नसताना.

चार वर्षांपूर्वी स्मरणिकेत माझा लेख आला. 'घरी असाव्यातच अशा सिनेमाच्या दहा रेकॉर्डी'. तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचला, फोन केले, एकाने तर कात्रण फ्रेम करून दिलं. त्यात पहिल्या नंबरावर मी जी रेकॉर्ड ठेवली होती, तिचा सिनेमा आठवडाभरही चालला नव्हता. पहिला नंबर तिला काहून दिला? कारण ती कोणीच ऐकलेली नव्हती. मला खोडून काढणारा कोणी निघणार नव्हता. मी लिहिलं : 'दुसऱ्या बाजूच्या पहिल्याच गाण्यात मँडोलिन असं काही रडतं, की दगडाला पाझर फुटावा.'

लेख आल्यावर महिन्याभरात एक बाई घरी आली. पस्तिशीची असेल. सुती साडी, हातात स्मरणिका. नाव संघमित्रा, रायपूरलगतच्या बीरगावच्या शाळेत शिक्षिका. म्हणाली, "काका, ते मँडोलिन माझ्या बाबाचं आहे."

तिचे वडील वामन मेश्राम. तरुणपणी मुंबईला गेले होते, तीन-चार वर्षं सिनेमाच्या वाद्यवृंदात मँडोलिन वाजवलं. मग इकडे वडील वारले, भावंडं लहान, म्हणून परत आले आणि बीरगावजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीत, लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये लागले. तापलेल्या सळया ओढायच्या. तिथेच एका बोटाचं पेर गेलं, वाद्य सुटलं. रेकॉर्ड बाजारात आली ती ते परतल्यानंतर. त्यांनी ती कधी पाहिली नाही, ऐकलीही नाही. मिलमध्ये सांगायचे, मी सिनेमात वाजवलं आहे, तर लोक 'हीरो, हीरो' करून हसायचे. मग त्यांनी सांगणंही सोडलं.

"बाबाले एकडाव ऐकवाचं होतं," ती म्हणाली. "मिलच्या आवाजानं कान गेले त्याइचे. एका कानानं थोडं येते अजून. डॉक्टर म्हणतात, तेही जाईन."

सांगा, यावर माणूस काय करेल?

मी म्हटलं, सुई तुटली आहे.

ती पुन्हा आली. सुई आली का काका? नाही आली. मग तिने एक प्रश्न विचारला, अगदी साधा : "कव्हरवर वाजवणाऱ्यांची नावं असतात का हो?" मी म्हटलं, नाही, त्या काळी अशी नावं देत नसत.

तिसऱ्या वेळी ती एक फोटो घेऊन आली. काळापांढरा, एक सडपातळ तरुण मँडोलिन घेऊन खुर्चीवर बसलेला. शोभा — माझी बायको — स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी फोटो हातात घेतला, बघितला आणि परत दिला. मग बोललो. शब्द जसेच्या तसे देतो, गुळगुळीत करत नाही : "फोटो काय, हातात वाद्य घेऊन कोणीही काढते. सळया ओढणारा माणूस मुंबईत वाजवून आला म्हणते. याले पुरावा काय?"

'मेश्राम, बीरगाव' ऐकल्यापासून माझ्या मनात काय होतं, ते तुम्ही ओळखलं असेल. बरोबर ओळखलं. आमच्यातला कोणी आला असता तर हे वाक्य माझ्या तोंडून आलं नसतं.

तिने फोटो स्मरणिकेत ठेवला. चहाचा कप तसाच होता. "ठीक है काका," एवढंच म्हणाली आणि गेली.

आणि आता — इथवर फिरत फिरत आलो, पण मुख्य गोष्ट अजून सांगितलीच नाही. कव्हर रिकामं होतं, हा गुन्हा मी पचवला असता. पण त्या कव्हराच्या मागे, खालून चौथ्या ओळीत, बारीक अक्षरांत छापलेलं आहे : मँडोलिन — वामन मेश्राम. मला ते पाठ होतं. ती पहिल्यांदा दारात उभी राहून नाव सांगत होती तेव्हाच माझ्या डोळ्यांपुढे ती ओळ आली होती. पुरावा माझ्या कपाटात होता, आणि मी कपाटाकडे पाठ करून तिला पुरावा मागत होतो. काढून दाखवलं असतं तर कव्हर हलकं लागलं असतं, पुठ्ठा निघाला असता — एवढ्यासाठी. फक्त एवढ्यासाठी.

वर्ष गेलं. मी काही केलं नाही. एका माणसाचा कान दिवसा-दिवसाने बंद होत होता आणि मी गिऱ्हाइकांना पडदे मोजून देत होतो. ती पुन्हा आली नाही. मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

मग एका दुपारी शोभा कपाट पुसत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तीस वर्षं झाले मी हे कव्हरं पुसून राहिली. साडीच्या पुठ्ठ्याचं वजन मले समजत नाही, असं वाटते का तुमाले?"

ती पुसतच होती. एक कव्हर काढलं, उलटं केलं, माझ्यासमोर धरलं. तेच होतं.

"त्या पोट्टीले नाव तरी दाखवाचं होतं," ती म्हणाली. "कव्हर रिकामं होतं. नाव तर रिकामं नव्हतं."

माणसाने त्याच दुपारी ते कव्हर घेऊन बीरगावला जायला हवं होतं, नाही का? मी गेलो नाही. मी ठरवलं, रेकॉर्ड शोधायची. खरी तबकडी मिळाली तर काही कबूल करायची गरजच उरणार नव्हती. म्हणजे पुढे जे चांगलं झालं, त्याची सुरुवातही भित्रेपणातच झाली.

नागपूरला जुन्या सामानाची दुकानं पालथी घातली. मुंबईला, इंदूरला फोन केले. नाव ऐकून लोक विचारायचे, असा सिनेमा होता का? शेवटी कोणीतरी धमतरीच्या रज्जाकभाईंचं नाव सांगितलं. लग्नात भोंगे लावण्याचा त्यांचा जुना धंदा. त्यांच्या गोदामात लाकडी पेट्यांमध्ये रेकॉर्डी भरलेल्या होत्या, कव्हराविना, जुन्या धोतरांत गुंडाळलेल्या. "ढूँढ लो, मिले तो तुम्हारी," ते म्हणाले. मी तीन रविवार धमतरीला गेलो. ओलं फडकं घेऊन एकेक तबकडी पुसायची, मधल्या कागदावरचं नाव वाचायचं, बाजूला ठेवायची. तिसऱ्या रविवारी, दुपारी, पाचव्या पेटीच्या तळाशी — ती होती! मी एवढ्या जोराने ओरडलो, की रज्जाकभाई हातातली सांडशी घेऊनच धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला.

पहिल्या बाजूवर आडवा ओरखडा होता. दुसरी बाजू साफ. रज्जाकभाईंनी मशीन अंगणात आणलं, भोंगा कडुलिंबाच्या फांदीला टांगला, सुई ठेवली. खरखर झाली. आणि मग मँडोलिन आलं.

ते रडत नव्हतं हो! कुठलं रडतं! ते पळत होतं. उड्या मारत, वळणं घेत, गाणाऱ्या बाईच्या पुढे जाऊन मागे वळून तिला खिजवत — चाळीस सेकंदांत त्याने अख्खं अंगण भरून टाकलं. गोदामातला पोरगा सायकल टाकून उभा राहिला. रज्जाकभाई मांडीवर थाप मारून म्हणाले, "ये तो दौड़ रहा है, भाई! कौन है ये?"

मी म्हटलं, "हमारे रायपूर का आदमी है."

आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या रेकॉर्डबद्दल खरं बोललो होतो. आणि मला समजलं, पहिला नंबर मी थापेत दिला होता, पण तो नंबर तिचाच होता. ही रेकॉर्ड घरी असायलाच हवी. ज्या कोणाला कान आहेत त्याच्या घरी हवी.

दुसऱ्या दिवशी तबकडी कव्हरात घालून बीरगावला गेलो. दार संघमित्राने उघडलं. मला बघून तिचा चेहरा कठोर झाला. मी म्हटलं, "सुई आली. आणि — नाव आहे कव्हरवर. मी नीट पाहिलं नव्हतं." बघा, तिथेही खोटं. तिने कव्हर उलटं केलं. बोट खालून वर सरकत चौथ्या ओळीवर थांबलं. मग ती माझ्याकडे न बघता, "बाबा! बाबा!" करत आत पळाली, शाळकरी पोरीसारखी.

रज्जाकभाईंचं मशीन आणून घरातच लावून ऐकवू, असं माझ्या मनात होतं. ती म्हणाली, "घरात नाही काका. बाहेर लावू. जे हसले त्याइलेही ऐकू द्या."

तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. विहारासमोरची मोकळी जागा, रविवारी संध्याकाळची चार-साडेचारची वेळ, पहिल्या पाळीचे लोक नुकतेच सुटलेले, कपड्यांवर अजून उरल्याची काळी धूळ. रज्जाकभाई स्वतः धमतरीहून मशीन आणि दोन भोंगे घेऊन आले होते. वामनराव इस्त्रीचा पांढरा सदरा घालून बसले होते, खुर्ची अगदी भोंग्याखाली, चांगला कान वर करून. उंच, वाळलेला माणूस, पंचाहत्तरीच्या पुढचा. त्यांच्या मिलमधले म्हातारे सोबती समोर सतरंजीवर. कोणाकोणाच्या चेहऱ्यावर अजून ते जुनं हसू होतं.

सुई टेकली. बाई गाऊ लागली. आणि मँडोलिन सुटलं तसा वामनरावांचा डावा हात वर आला. हवेतच बोटं चालू लागली — अर्धं बोटसुद्धा — बरोब्बर, एकही जागा न चुकता, रेकॉर्डच्या सुराबरोबर. गर्दीने आधी भोंग्याकडे बघितलं, मग त्या हाताकडे. मग कळलं सगळ्यांना. एकदम कळलं.

देवांगन नावाचे त्यांचे जुने सोबती, 'हीरो' हे नाव ज्यांनी पाडलं तेच, सतरंजीवरून उठले आणि ओरडले, "अरे वामन, तैं तो सिरतोन कहत रहे गा!" — तू तर खरंच सांगत होतास! आणि नाचायला लागले. सत्तरीचा माणूस, गुडघ्याला पट्टा बांधलेला, नाचत होता. मग बायका उठल्या, पोरं उठली. रस्त्यावर ट्रक थांबले, ड्रायव्हर खाली उतरले. ते गाणं त्या संध्याकाळी नऊ वेळा लागलं. संघमित्राच्या वर्गातल्या एका मुलीने माईकवर कव्हर वाचलं : "मँडोलिन — वामन मेश्राम." लोक म्हणाले, फिर से! तिने पुन्हा वाचलं. फिर से!

शेवटी माईक वामनरावांकडे दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाले, "नेहमीचा वाजवणारा त्या दिवशी आला नव्हता. मले म्हणे, तू बस. एकाच दमात झालं. आज पहिल्यांदा ऐकून राहिलो." तोंडभर हसले. "बरं वाजवलं पोट्ट्यानं."

काय गजर झाला! त्या टाळ्यांत मी संघमित्राला पाहिलं. ती हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. एवढ्यावर ही गोष्ट संपवता आली असती तर किती बरं झालं असतं.

पण त्यांनी मला पुढे बोलावलं. निळी शाल घातली. हातात माईक दिला. समोर दोनशे माणसं प्रेमाने बघत होती — तेच बघणं, जे मला आयुष्यभर हवं होतं, पण इतकं कधीच मिळालं नव्हतं. आणि मी म्हणालो, "ही रेकॉर्ड मी तीस वर्षं जिवापाड जपली." टाळ्या पडल्या. वामनरावांना पडल्या तेवढ्याच.

शोभा पहिल्या रांगेत होती. तिने टाळी वाजवली नाही.

दोन वर्षं ती शाल कपाटात होती. वामनरावांचा दुसरा कानही जवळजवळ गेला, असं मला कळलं. संपादकांचा फोन आला, आणि हे लिहायला घेतलं तेव्हा इथवर आल्यावर थांबलो. जे वामनरावांना आधी सांगितलं नाही, ते तुम्हाला कसं सांगू?

म्हणून गेल्या रविवारी सकाळी बीरगावला गेलो. वामनराव ओट्यावर ऊन खात बसले होते. शेजारी देवांगन. गल्लीत नळ आला होता, बायका पाणी भरत होत्या. मी त्यांच्याजवळ बसलो आणि हळू आवाजात, जसं असं काही सांगतात तसं, सुरुवात केली. त्यांनी कानाला हात लावला. पुन्हा बोललो. त्यांनी नकारार्थी मान हलवली. संघमित्रा दारातून म्हणाली, "जोरानं बोला काका. त्याइले आता जोरानं बोलल्याशिवाय समजत नाही."

मी उठून उभा राहिलो. आणि ओरडलो. "रेकॉर्ड माझ्याजवळ कधीच नव्हती! कव्हर रिकामं होतं!"

नळावरच्या बायकांनी वळून बघितलं. समोरच्या घरातून दोघं बाहेर आले. आता थांबलो तर पुन्हा बोलणार नाही, हे मला ठाऊक होतं.

"तुमचं नाव छापलेलं होतं! मले पाठ होतं! तुमची पोरगी खरं सांगून राहिली होती, मले माहीत होतं, तरी मी तिले पुरावा मागितला! तिच्या तोंडावर तिले खोटं पाडलं!"

देवांगन माझ्याकडे बघत होते. त्या संध्याकाळी टाळ्या वाजवणारे किती चेहरे होते तिथे! वामनराव माझ्या ओठांकडे एकटक बघत होते. मग त्यांनी हळूच मान डोलावली. "हव," म्हणाले. "आलं ऐकू."

संघमित्रा उंबऱ्यावर तशीच उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, पूर्ण बघितलं, आणि आत गेली.

मी चपला घातल्या. छाती — काय सांगू — एकवीस वर्षांचा असताना मोकळ्या श्वासाने भरायची तशी भरली होती. गल्लीत आता दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. त्यांच्या मधून, एकेकाच्या डोळ्यांत बघत, मी मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेलो.